खाऱ्या हवेत ग्राफिक्स कार्ड घेताना: कंपनी निवडण्याआधीची तयारी

कोकण किनाऱ्यावर ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चित्र आणि व्हिडिओचं काम करणारा भाग, घेत असाल तर दुकानात फोन करण्याआधी चिप आणि मेमरी पक्की करा, कंपनीचा विचार त्यानंतर. चिप एनव्हिडियाची किंवा एएमडीची. एसुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर या कंपन्या तीच चिप घेऊन तिच्याभोवती आपापला बोर्ड, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि पंखे बसवतात. त्यामुळे लग्नाचे किंवा दशावताराचे व्हिडिओ एडिट करायला एनव्हिडियाची आरटीएक्स ५०६० टीआय घेणार असाल, तर एक्सपोर्टला लागणारा वेळ ती बसवणाऱ्या सगळ्या कंपन्यांत जवळपास सारखाच. खोक्यावर ‘ओसी’ (ओव्हरक्लॉक, म्हणजे वेग थोडा वाढवलेलं) लिहिलेलं असलं तरी फरक थोड्याशा टक्क्यांचा, कामात जाणवणारही नाही एवढा. मेमरीची गोष्ट वेगळी. हेच कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतं आणि नाव एकच. आरटीएक्स ३०५० मध्ये तर ६ जीबीवाल्याचे कोअरसुद्धा (चिपमधले हिशोब करणारे भाग) ८ जीबीवाल्यापेक्षा कमी आहेत. म्हणून भाव विचारताना आणि बिल घेताना जीबीसकट पूर्ण नाव लिहून घ्या.

मग टेप घेऊन कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडा. मागच्या पट्टीपासून समोरच्या पंख्यापर्यंतची आतली लांबी मोजा. दोन पंख्यांचं कार्ड साधारण २०० ते २५० मिलिमीटर, तीन पंख्यांचं ३०० च्या आसपास किंवा त्याहून लांब. जाडीही बघा, काही कार्डं अडीच-तीन स्लॉटची (कार्ड बसवायच्या खाचांची) जागा अडवतात. एसएमपीएसवरचं, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल वाचा. ५०६० टीआयचा वीजवापर १८० वॅट आणि त्यासाठी एनव्हिडिया ६०० वॅटचा एसएमपीएस सुचवते. त्यातून कार्डाला जाणारी ८ पिनची वायर मोकळी आहे ना, तेही आत्ताच पाहा.

आता आपल्या किनाऱ्याचा खरा प्रश्न, मीठ. वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंत समुद्राजवळच्या घरात वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे बारीक कण धुळीत मिसळून बोर्डावर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. मग त्या ओल्या थरातून वीज वाहू शकते आणि धातू गंजायला लागतो. नुसत्या दमटपणाने कार्ड जास्त तापत नाही. दमट हवेत आपला घाम वाळत नाही म्हणून आपल्याला उकडतं, पण कार्डाला फक्त खोलीचं तापमान कळतं. त्यामुळे गंज टाळण्याकडे जास्त लक्ष द्या.

त्यासाठी फोटो मोठा करून हीटसिंकमधल्या नळ्यांची टोकं बघा. ती चंदेरी दिसत असतील तर तांब्यावर निकेलचा मुलामा आहे, तेच घ्या. उघडं तांबं आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकमेकांना चिकटून असल्या की खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम लवकर गंजतं. वरचं आवरण प्लॅस्टिकचं आहे म्हणून कार्ड हलक्या प्रतीचं समजू नका, प्लॅस्टिक गंजत नाही. कमी तापमानाला पंखे पूर्ण थांबवणारं कार्ड मला इथे जास्त पसंत आहे. साधं टायपिंग चालू असताना ते उगाच खारी धूळ आत ओढत नाही. पंख्याला बॉल बेअरिंग असेल तर उत्तम, उष्णतेत ते साध्या स्लीव्ह बेअरिंगपेक्षा जास्त टिकतं. काही कार्डांचे पंखे हीटसिंकला हात न लावता एकेक सुटे होतात. साफसफाईच्या दृष्टीने ही सोय आरजीबी दिव्यांपेक्षा कितीतरी मोलाची आहे, आणि तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मी आनंदाने देईन.

एवढं पाहूनही दोन-तीन कार्डं यादीत उरतील. त्यांतून निवड वॉरंटीवर करा. माझ्या मते कोकणात हाच निकष सगळ्यांत वरचा. भारतात बहुतेक कार्डांना तीन वर्षांची वॉरंटी मिळते, पण ती बिलाच्या तारखेपासून मोजतात की कारखान्यातून निघाल्यापासून, हे कंपनीगणिक बदलतं. सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे, पणजीत की थेट मुंबईत, हे कंपनीलाच फोन करून विचारा. कुरिअरचा खर्च कोणाचा, दुरुस्ती करतात की बदलून देतात, हेही विचारा. शर्तींमध्ये गंज आणि पाण्याने झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं, तो भाग स्वतः वाचा. पावसात दरड कोसळून घाट बंद झाला की पार्सल अडकतं, तेवढे दिवस तुमचं काम कशावर चालणार, याचाही विचार हवा. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर निदान मशीन चालू राहील. बाहेरून आणलेलं स्वस्त कार्ड, ज्याच्या सीरियल नंबरला भारतात वॉरंटीच नाही, ते कितीही कमी भावात मिळालं तरी नको.

विजेची व्यवस्था कार्डाच्या आधी. झावळी तारेवर पडली की लाईट जाते आणि येताना झटका देत येते. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या विजा वेगळ्याच. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, खडकाळ जमिनीत ती सहज लागत नाही. यूपीएस शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे मेन लाईनसारखी गुळगुळीत लहर देणारा, घ्या, कारण हल्लीच्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची विजेची लहर कधी कधी चालत नाही. चिपळूणसारख्या गावात बाजारपेठेजवळ राहत असाल तर टेबलाची जागाही ठरवा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तिथे तळमजल्यावर मशीन ठेवावं असं मी कोणाला सांगणार नाही.

मुंबईहून मशीन जोडूनच मागवत असाल तर जड, तीन पंख्यांचं कार्ड टाळा. हायवेच्या खड्ड्यांत कॅबिनेट आदळलं की सगळं वजन मदरबोर्डच्या स्लॉटवर येतं. दोन पंख्यांचं हलकं कार्ड घ्या, किंवा कार्ड त्याच्या खोक्यात वेगळं पाठवायला सांगा. खोकं फोडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा, सीरियल नंबरचा स्टिकर त्यात स्पष्ट दिसू दे. जीएसटी बिलावर तोच नंबर आहे का ते जुळवा आणि कंपनीच्या साइटवर नोंदणी त्याच दिवशी उरका.

बसवल्यावर न वापरलेल्या पोर्टांना रबरी टोपणं लावा. पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवू नका, रोज अर्धा तास चालवलं तरी आतल्या उष्णतेने ओल उडून जाते. एसी लावून खोली गार केली असेल, तर मशीन बंद केल्यावर लगेच खिडक्या उघडू नका. बाहेरची दमट हवा गार धातूवर पाणी धरते.