वाळूजच्या दहा बाय दहाच्या खोलीत बाळाची जागा

संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत रांजणगाव शेणपुंजी असो, बजाजनगर असो की इथलंच पंढरपूर गाव, कंपनीजवळ नव्या माणसाला पहिली खोली मिळते ती बहुधा दहा बाय दहाची. वर पत्रा, नाहीतर ऊन खाणारा उघडा स्लॅब. बायको माहेरहून बाळ घेऊन यायची असेल, तर टेम्पोतून सामान उतरायच्या आधी बाळाची जागा ठरवा. आधी पलंग, मग कपाट, मग फ्रिज असं लावत गेलं की बाळासाठी उरते ती दारामागची नाहीतर कूलरच्या तोंडासमोरची जागा.

हिशोब असा. बाळाची कॉट चार फूट लांब, दोन फूट रुंद. पलंग सहा फूट रुंदीचा घेतला तर कॉट लावून दोनच फूट वाट उरते, त्यात दाराचं पानही उघडत नाही. पाच फुटी पलंग घ्या, तीन फूट मोकळे राहतील. कॉट आईच्या बाजूला, हात लांबवला की बाळाला लागेल अशी. निदान पहिले सहा महिने बाळ याच खोलीत, पण स्वतःच्या अंथरुणावर झोपलेलं बरं. दोघांच्या मध्ये नको, आणि तीन-चार वर्षांच्या ताई-दादाशेजारी तर नकोच. झोपेत त्यांचा हात कुठं पडेल सांगता येत नाही. रात्री पाजताना आईला डुलकी लागणारच. जाग येताच बाळ परत कॉटमध्ये ठेवा. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल, किंवा घरात कुणी दारू-तंबाखू घेत असेल, तर यात सूट नाही.

पश्चिमेच्या भिंतीला कॉट लावू नका. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो आणि त्या भिंतीवर रात्री दहाला हात ठेवला तरी चटका जाणवतो. छताला मार्चमध्येच चुन्याचे दोन हात द्या, घरमालकाला विचारून. खर्च थोडा, फरक चांगला.

कूलर खिडकीबाहेर बसवा आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. खोली बंद ठेवून कूलर चालवला की ओल कोंडते, घाम वाळत नाही आणि बाळ किरकिरं होतं. झोत कॉटवर सरळ येऊ देऊ नका, पट्ट्या वरच्या बाजूला वळवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. पत्र्याच्या कूलरला करंट उतरून माणसं दगावतात. तीन पिनांचीच प्लग हवी, तिसऱ्या पिनेला खरंच अर्थिंगची वायर जोडलेली आहे का ते वायरमनकडून बघून घ्या, आणि टाकीला हात लावायच्या आधी प्लग काढा. पाणी आठवड्याला बदलायचं आणि टाकीच्या कडा काथ्यानं घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, ती नुसतं पाणी ओतून जात नाहीत. नळाला रोज पाणी नसल्यानं भरून ठेवलेले ड्रमही खोलीबाहेर, झाकण लावून.

आता गादी. कापसाची गादी महिन्याभरात मध्ये खोलगट होते आणि तोंड वळवलेलं बाळ तिच्यात रुततं. गादीवाल्याकडून कॉटच्या मापाची तीन-चार इंची काथ्याची गादी करून घ्या. हातानं दाबून सोडली की लगेच वर यायला हवी. गादी आणि कठड्याच्या मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट राहिली तर माप चुकलं. जुनी कॉट घेत असाल तर गजांमधलं अंतर सहा सेंटीमीटरच्या आत आहे ना ते पट्टी लावून बघा, गंज आणि सुटलेले नट बघा. वर पातळ मेणकापड, त्यावर घट्ट खोचलेली चादर, बस्स. उशी नको, वाकळ नको, कडेला लोड नकोत. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी गावाकडून येईलच. ती परत पाठवताना आजीचा मान राखा, पण उशी कॉटमध्ये जाऊ देऊ नका. बाळ पाठीवरच झोपवायचं, दुपारीसुद्धा.

झोळीबद्दल वाद होतो. जागं बाळ नजरेसमोर जोजवायला झोळी चालेल. पण कापड खोलगट असल्यानं हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो, त्यामुळे डोळा लागला की उचलून कॉटमध्ये. छताच्या आकड्याला दोघांनी लोंबकळून बघितल्याशिवाय तर बांधूच नका. झोपताना कुंची काढा, गळ्यातला काळा दोरा सोडून कमरेला बांधा. दुपटं सैल गुंडाळा, आणि बाळ कूस बदलायला लागलं की ते बंद. गरम होतंय का ते मानेमागे हात लावून कळतं, हातपाय थंड असले म्हणून घाबरू नका.

डासांसाठी मच्छरदाणी, कॉइल नाही. मच्छरदाणीची कड गादीखाली खोचलीच पाहिजे. वस्तीच्या कडेला शेतं आहेत, पावसाळ्यात विंचू निघतो, मण्यार जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि दंश कळतही नाही. कॉट भिंतीपासून अर्धा फूट दूर ठेवा म्हणजे पालीपासून मुंगीपर्यंत सगळ्यांचा रस्ता लांबतो. दंशाची नुसती शंका आली तरी 108 ला फोन करा. बुवा-मांत्रिकात वेळ घालवू नका.

थंडीत शेगडी किंवा बाळंतशेपाची धुरी बंद खोलीत अजिबात नको. कोळशाच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. झबल्यावर एक जादा कपडा पुरतो. वीज गेल्यावर मेणबत्तीऐवजी चार्जिंगचा दिवा, आणि चार्जरची वायर कॉटपासून तीन फूट लांब.

पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळ बसायच्या बेतात आलं की कॉटची फळी खालच्या खाचेत उतरवा. कठड्यावर पाय टाकायला लागलं की कॉट संपली. मग तीच गादी जमिनीवर, मच्छरदाणीसकट, आणि कपाट भिंतीला स्क्रूनं पक्कं करून.