होडीला एक इंजिन की दोन? या चुका टाळा

पावसाळ्यात कृष्णा फुगली की कल्लोळ-येडूरचा पूल पाण्याखाली जातो आणि चिकोडी भागात होडीचा विषय निघतो. मग कुणीतरी म्हणतंच, “दोन इंजिनं लावा, एक बंद पडलं तर दुसरं आहेच की!”

ऐकायला बिनतोड, पण दुसरं इंजिन खरंच वेगळं असेल तरच. आपल्याकडे दोन्हींना पेट्रोल एकाच टाकीतून आणि एकाच फिल्टरमधून जातं. टाकीत पाणी शिरलं की दोन्ही एकदमच गप्प. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (आपल्याच उसाचा प्रताप!) आणि ते ओल धरतं. महिनोन् महिने पडून राहिलेलं पेट्रोल ऐन पुरात वापरू नका. टाक्या, फिल्टर, बॅटऱ्या वेगळ्या ठेवायची तयारी नसेल तर दुसऱ्या इंजिनावर पैसे घालू नका.

शिवाय इंजिन थंड ठेवायला नदीतून ओढलेलं पाणी दोघांना एकच. पुरात केंदाळ, उसाचं पाचट, गाळ सगळंच वाहत येतं. इंजिनाच्या मागून पिचकारीसारखी बारीक धार पडते, तिच्यावर नजर हवी. ती मंदावली किंवा थांबली की इंजिन लगेच बंद करून वर उचला, पाणी ओढायच्या जाळीतला कचरा काढा. धार तरीही येत नसेल तर आतल्या पंपाचं रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) बघा, गाळाच्या पाण्यात ते लवकर झिजतं.

दुसरी चूक ताकदीच्या हिशेबातली. 20 एचपीची दोन म्हणजे 40 एचपी, हे कागदावर ठीक. 4-स्ट्रोकमध्ये वजनही साधारण 40 च्या एका इंजिनाएवढंच भरतं. पण पाण्यात दोन पाय (इंजिनांचे खालचे भाग) बुडालेले, त्यांचा अडसर जास्त, सर्व्हिसिंगही दोनदा. आणि एक बंद पडलं की उरलेल्या 20 वर भरलेली होडी पाण्यावर उचलली जात नाही, नांगर ओढणाऱ्या बैलासारखी रेटत चालते. पुराच्या ओढीविरुद्ध तेवढं पुरेलच असं नाही. होडीला जास्तीत जास्त किती एचपी चालतं हे बांधणाऱ्याला विचारा. तो आकडा दोन्ही इंजिनांचा मिळून असतो.

हातदांड्याची दोन इंजिनं एकट्यानं सांभाळणं तर सर्कसच. दोन्ही जोडणारा दांडा आणि शक्यतो स्टिअरिंग बसवावं. वळणावर बाहेरच्या बाजूचं इंजिन उचललं जातं, पंखा हवा खातो आणि आवाज एकदम चढतो. तसं झालं तर इंजिनं मधल्या रेषेकडे सरकवून किंवा थोडी खाली घेऊन बघा.

पाच-दहा मिनिटं चालून इंजिन मरत असेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद असला की पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा आत ओढला जातो. स्क्रू सैल केला की बहुतेक वेळा काम होतं.

कारवारला समुद्रात लांब जाणाऱ्यांनी दोन इंजिनं घ्यावीत, तिथं कारण आहे. हिडकलच्या जलाशयात किंवा कृष्णेत फिरणाऱ्या पंधरा-सोळा फुटी होडीला माझ्या मते एकच दमदार इंजिन बरं. सोबत स्वतःच्या टाकीचं छोटं राखीव इंजिन, वल्ही, आणि लांब दोराचा नांगर. इंजिन बंद पडून होडी बंधाऱ्याकडे ओढली जाऊ लागली तर नांगर पुढच्या टोकाला बांधूनच टाका. मागून टाकलात तर प्रवाह मागच्या फळीवरून आत घुसतो.