कोलेस्ट्रॉल जास्त आलंय, आता काय करायचं?

रिपोर्ट हातात आला की सगळे आधी टोटलचा आकडा बघतात आणि टेन्शन घेतात, पण तुम्ही एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्ट्रॉल बघा, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतं ते हेच. साधारण 100 च्या आत असलेलं बरं, हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर 70 च्याही खाली आणायला सांगतात, आणि 190 च्या वर असेल तर ते घराण्यातून आलेलं असू शकतं, मग भावंडांची आणि मुलांचीही टेस्ट करून घ्या. थायरॉइड कमी काम करत असेल तरी एलडीएल वाढतं, तेव्हा तेही एकदा तपासा, नेमकं हेच राहून जातं.

खाण्यात सगळ्यात जास्त फरक पडतो तो लोणी, साय, चीज, लाल मांस, बेकरीचा माल कमी केल्याने. पण नुसतं कमी करून उपाशी बसू नका, त्याऐवजी ओट्स, कडधान्यं, सफरचंद, बदाम-अक्रोड घ्या. ओट्स-कडधान्यांतला विरघळणारा फायबर आतड्यात पित्त (लिव्हर बनवतं तो पाचक रस) धरून बाहेर काढतो, मग नवीन पित्त बनवायला लिव्हर रक्तातलं कोलेस्ट्रॉल ओढून घेतं. अंड्याला उगाच बदनाम केलंय, ते कशात तळलंय ते आधी बघा.

व्यायाम आठवड्याला 150 मिनिटं, भरभर चाललात तरी चालेल. खरं सांगायचं तर त्याने एलडीएल फार उतरत नाही, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी), बीपी, शुगर सगळ्यालाच फायदा होतो. सिगरेट मात्र बंदच.

आता कोलेस्ट्रॉल कमी करणारी गोळी, म्हणजे स्टॅटिन. स्टॅटिन म्हटलं की लोक बिचकतात, "एकदा लागली की कायमची" वगैरे. अहो, ती लिव्हरमधलं कोलेस्ट्रॉल बनवणारं एन्झाइम अडवते, घेताय तोवरच अडवणार ना! म्हणून पुढचा रिपोर्ट नॉर्मल आला की मनानेच बंद करू नका, काही आठवड्यांत आकडा परत वर जातो. सुरू केल्यावर 4 ते 12 आठवड्यांनी परत टेस्ट करायची. अंग दुखायला लागलं तर डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, एझेटिमाइबसारखं दुसरं औषध जोडता येतं. दुखणं जोरात असेल आणि लघवी गडद होत असेल तर लगेच दाखवा, थांबू नका. प्रेग्नन्सीचा विचार असेल तर आधीच बोला. आणि दुसऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर स्टॅटिन चालू आहे हे सांगायचंच, काही अँटिबायोटिक तिच्याबरोबर चालत नाहीत.