अँग्लो-सॅक्सन चुलीवरचं जवाचं ‘ब्रिव’, आमच्या बडोद्यात

चाळीस वर्षं मी दांडिया बाजारात पिठाची गिरणी चालवली. धान्य मुठीत धरलं की ओल किती, दळण कसं उतरेल, हे हाताला कळतं. म्हणून जुन्या इंग्लंडबद्दल वाचायला लागलो तेव्हा माझं लक्ष लढायांवरून उडून जात्यावर गेलं. 1066 साली नॉर्मन आले, त्याआधीची पाच-सहाशे वर्षं तिथे अँग्लो-सॅक्सन लोकांची. ऱ्हाइन नदीच्या बाजूच्या ज्वालामुखी दगडाची जाती ते समुद्रापलीकडून आणवत. तो दगड सच्छिद्र, झिजला तरी खरखरीतच राहतो. आपल्या जात्याला सारखी टाकी लावून घ्यावी लागते, हे ज्याने पाहिलंय त्याला या दगडाची किंमत कळेल. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या इ.स. 600 च्या सुमाराच्या कायद्यात राजाच्या ‘दळणाऱ्या दासी’चा वेगळा उल्लेख आहे. ते वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. कुणाच्या तरी खांद्यांवर तो सगळा दरबार जेवत होता.

घरधन्याला त्यांच्या भाषेत ‘भाकरीचा राखणदार’ अशा अर्थाचा शब्द, घरधनिणीला ‘भाकर मळणारी’, आणि पदरी असलेल्याला ‘भाकर खाणारा’. इंग्रजीतले लॉर्ड आणि लेडी त्यातूनच आले. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय!

भाकरीबरोबरचं रोजचं खाणं म्हणजे ब्रिव: धान्य, कडधान्य आणि पाला एकाच भांड्यात शिजवलेला. चौघांसाठी एक वाटी सडून टरफल काढलेले जव आणि अर्धी वाटी सुका बाकला (फावा बीन) घ्या. बाकला नाही मिळाला तर वाळलेले वाटाणे चालतील, दोन्ही त्यांच्याकडे पिकत. कडधान्य रात्रभर भिजवा. बाकल्याचं जाड साल सकाळी बोटांनी काढून टाका. जवातले अर्धे अख्खे ठेवा, अर्धे मिक्सरमध्ये दोनच झटके देऊन भरडा. पीठ करू नका. भरड्यामुळे रस्सा दाट होतो आणि अख्खा दाणा दाताखाली येतो, दोन्ही हवं.

जाड बुडाच्या पातेल्यात आठ वाट्या पाणी उकळा. आधी कडधान्य घाला. अर्ध्या तासाने जव आणि पातीच्या कांद्याचा चिरलेला पांढरा भाग. मग मंद आचेवर तासभर. कुकर लावू नका. मी पहिल्यांदा लावला आणि जवाची खळ झाली, दाणा शोधून सापडेना. मंद आचेवर दाणा हळूहळू फुगतो, मधली काळी रेघ रुंदावते, कड पारदर्शक होते. तो दाणा चिमटीत दाबला की दबावा पण फुटू नये. तिथवर थांबा, अधूनमधून तळाशी पळी फिरवा, लागलंच तर गरम पाणी घाला.

आता पाला. त्यांच्या परसात लीक, म्हणजे कांद्याच्या कुळातली जाड पातीची भाजी, इतकी मुख्य की भाजीच्या वाडीलाच ‘लीकची वाडी’ अशा अर्थाचं नाव होतं. आपण कांद्याची पात घ्यावी, आणि पौष-माघात खंडेराव मार्केटला मिळतो तो हिरवा लसूण, ज्याला इथले भाजीवाले लीलुं लसण म्हणतात. जोडीला मूठभर चाकवत. ही भाजी मी मुद्दाम सांगतोय, कारण चाकवताचं बी इंग्लंडातल्या उत्खननांतही सापडतं. पाला शेवटच्या दहा मिनिटांत घाला. मग मीठ, आणि वाढताना प्रत्येक वाटीत लिंबाएवढा लोण्याचा गोळा.

हळद, मिरची, टोमॅटो, बटाटा नाही. फोडणीही नाही. हात आपोआप हिंगाच्या डबीकडे जातो, तो आवरा. मिरी मात्र चालेल, पण चिमूटभरच. जॅरोच्या मठातले बीड हे विद्वान भिक्षू 735 साली वारले, तेव्हा जवळच्या मोजक्या चीजवस्तू त्यांनी सोबत्यांना वाटून दिल्या. त्यात थोडी मिरी होती. आपल्याच दक्षिणेतून इतक्या लांब पोचलेला तो दाणा मृत्युसमयी वाटून देण्याजोगा ठेवा होता. मी मिरी कुटतो तेव्हा हे आठवतं.

मांस, मासे त्यांच्यात होते. वेसेक्स या अँग्लो-सॅक्सन राज्याच्या राजा इनीच्या कायद्यात दहा हाइड (हे त्यांचं जमिनीचं माप) जमिनीवरच्या वसुलीची यादी आहे: 300 भाकऱ्या, 10 घागरी मध, 10 गोल चीज, 5 सामन मासे, 100 वाम. पण हा राजाचा वाटा. आमच्या घरी मांस शिजत नाही, आणि ब्रिवला त्यावाचून काही अडत नाही.

प्यायला त्यांच्याकडे जवाची एल, म्हणजे एक प्रकारची बिअर. गुजरातेत दारूबंदी, तेव्हा ताक घ्या. लोणी घरी काढलंत तर ते आयतंच हाताशी असतं.

भाकर सोपी आहे. जवाचं आणि गव्हाचं जाडसर पीठ निम्मं-निम्मं, मीठ, कोमट पाणी. घट्ट मळून अंगठ्याएवढी जाड थापा. जवात चिकटपणा कमी, कडेला चिरा पडतील, त्या ओल्या बोटाने बुजवा. तवा चांगला तापवून भाकर ठेवा आणि वर लोखंडी कढई उपडी घाला. तेही तापल्या दगडावर भाकर ठेवून वर भांडं उपडं घालत. बारीक आचेवर एका बाजूने बारा मिनिटं, मग उलटून आठ. टिचकी मारली की पोकळ आवाज यावा.