प्रकाशावरचं नेटवर्क अडखळतंय? बल्ब बदलण्याआधी या चुका टाळा

प्रकाशावरचं नेटवर्क म्हणजे लायफाय: एलईडी दिवा डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने उजेड कमी-जास्त करून डेटा पाठवतो, रिसिव्हर तो टिपतो. ही लिंक तुटली की बहुतेकांचा हात आधी बल्बला जातो. नऊ वॅटचा काढायचा, पंधराचा लावायचा. दोष मात्र बहुधा खाली, रिसिव्हरपाशी असतो.

यवतमाळकडच्या एखाद्या पॉलिटेक्निकची पत्र्याची लॅब घ्या. सकाळी डेटा सुरळीत, अकरानंतर एरर वाढतात, दुपारी सगळं ठप्प, दिवस कलला की पुन्हा सुरू. हा उन्हाचा प्रताप. बाहेर कडक उन्हात उजेड 1 लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) घरात असतो, दिव्याखालच्या टेबलावर 300 ते 500 लक्स. दारातली तिरीप थेट फोटोडायोडवर, म्हणजे उजेडाचा करंट करणाऱ्या रिसिव्हरच्या डोळ्यावर, पडली की अॅम्प्लिफायर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची मर्यादा गाठली जाते. मग पुढे कितीही भारी फिल्टर असो, त्याच्यापर्यंत सिग्नल पोहोचतच नाही. रिसिव्हरमधला कपॅसिटर उन्हाचा स्थिर भाग अडवतो, पण उन्हाने वाढलेला नॉइज (सिग्नलमधली खरखर) अडवत नाही. रिसिव्हरचं तोंड दाराखिडकीकडून फिरवा, वर काळ्या कागदाची आखूड नळी बसवा. लांब केली तर दिवाच नजरेआड जाईल.

दुपारी चालतं आणि दिवेलागणीला अडतं? मग शेजारचे स्वस्त बल्ब बघा. 50 हर्ट्झच्या विजेवर ते सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतात. यावर हाय-पास फिल्टर, म्हणजे संथ लुकलुक अडवून वेगवान सिग्नल पुढे सोडणारा, पुरतो.

टेबलाची जागाही कोणी मोजत नाही. दिवा टेबलापासून 2 मीटर उंच असेल आणि टेबल 2 मीटर बाजूला सरकवलं, तर पसरट झोताच्या दिव्याचा जेमतेम चौथा हिस्सा उजेड मिळतो. फोटोडायोडचा करंट उजेडाच्या प्रमाणात असतो, म्हणून सिग्नलची विद्युत शक्ती थेट सोळाव्या हिश्शावर येते. रिसिव्हर दिव्याकडे कलता केला तरी बराच फायदा होतो. आणि काच पुसा हो! जिनिंगचा हंगाम असेल तर रुईची बारीक धूळ रोज बसते.

पांढऱ्या एलईडीतला पिवळा फॉस्फर (निळ्या उजेडाचा पिवळा करणारा लेप) सुस्त असतो, म्हणून रिसिव्हरवर निळा फिल्टर लावतात. वेग वाढतो, उजेड घटतो. कोपऱ्यातल्या टेबलासाठी हा तोट्याचा सौदा.

मॉड्युलेशन, म्हणजे डेटाप्रमाणे उजेड कमी-जास्त करणारा सिग्नल, बल्बच्या 230 व्होल्टच्या बाजूला देऊ नका. ड्रायव्हरमधला (एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर ते गिळून टाकतो. ड्रायव्हरनंतर, एलईडीच्या करंटवरच द्या.

तयार लायफाय उपकरण असेल तर आधी माहितीपत्रक वाचा. 2023 चं 802.11बीबी हे लायफायचं मानक 800 ते 1000 नॅनोमीटरच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडवर चालतं. तिथे खोलीचा दिवा बदलून सिग्नल तसूभरही वाढणार नाही.