मुलांच्या वॉर्डात घरच्यांशी वागताना या चुका टाळा

मुलांच्या वॉर्डात हँडओव्हरच्या वेळी एक वाक्य हमखास कानावर येतं: 'अमुक बेडचे पालक को-ऑपरेट करत नाहीत.' पुढच्या पाळीची सिस्टर ते ऐकते आणि कपाळाला आठी घालूनच त्या खाटेकडे जाते. झालं काय होतं, हे कुणी विचारत नाही. सलाईन लावू दिलं नाही? बाळाला मध चाटवला? ताईत काढू दिला नाही? की बाप सकाळपासून 'सुट्टी द्या' म्हणून मागे लागलाय? या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. नाशिकमध्ये तर एकाच आठवड्यात सुरगाण्याची कोकणा आई, मालेगावच्या यंत्रमागावर काम करणारा बाप, सातपूर एमआयडीसीत आलेलं बिहारी कुटुंब आणि गंगापूर रोडवरचे इंजिनिअर आईबाप आपल्यासमोर येतात. सगळ्यांना एकच शेरा लावून भागत नाही. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या की नोटमध्ये शेरा न लिहिता घडलेली गोष्ट आणि तिचं कारण लिहायचं. 'आजी येईपर्यंत डोक्याला सुई नको म्हणतात' असं लिहिलं, तर पुढच्या सिस्टरला निदान आजीची वाट बघता येते.

'एवढे दिवस काय करत होता?'

हा प्रश्न बहुतेक वेळा काळजीपोटीच निघतो, पण समोरच्याला तो फटकाच वाटतो. घरचे गप्प होतात आणि आपल्याला जे कळायलाच हवं तेच झाकलं जातं. भगताने कसला पाला पाजला, पोटावर डाग दिले का, गावातल्या डॉक्टरने कोणतं इंजेक्शन टोचलं, गुटीत काय उगाळलं, यातलं काहीच केस पेपरवर येत नाही. साप चावलेल्या मुलाच्या बाबतीत ही माहिती थेट जिवाशी निगडित असते. पायाला दोरी कधी बांधली, जखमेवर ब्लेड मारलं का, हे लगेच कळायला हवं. (आणि ती घट्ट दोरी डॉक्टर शेजारी नसताना एकदम सोडू नका.)

त्याऐवजी असं विचारा: 'इथे येण्याआधी काय काय करून पाहिलंत? आम्हालाही सांगा, म्हणजे औषध जुळवून देता येईल.' आवाजात कौतुक नको आणि तिरस्कारही नको. भगताचं नाव निघालं की आपल्या भुवया वर जातात, त्या आवरल्या तरी निम्मं काम होतं.

आधी कात्री, मग विचारणा

वॉर्डातली सगळ्यात जास्त भांडणं दोरे, ताईत आणि केसांवरून होतात. हातात व्हेन मिळत नाही, म्हणून डोक्यावरची शीर शोधायची असते. कुणीतरी ब्लेड घेतं आणि बाळाच्या डोक्याचा एक पट्टा साफ करून टाकतं. दहा मिनिटांनी आजी येते आणि रडायलाच लागते, कारण जावळ अजून काढलेलं नसतं. मुसलमान घरात अकिका (बाळाचे पहिले केस उतरवण्याचा विधी) व्हायचा असेल, तरी प्रश्न हाच. आपल्याला ते चार केस वाटतात. त्या घरात मात्र कुलदैवताला बोललेली गोष्ट आपण परस्पर उरकून टाकलेली असते.

खरं तर हे टाळायला दोन मिनिटं लागतात. 'डोक्याला सुई लावावी लागेल, थोडे केस काढावे लागतील, ते आम्ही तुमच्याकडेच देऊ.' केस कागदात गुंडाळून आईच्या हातात ठेवले की बहुतेक घरं तयार होतात. तातडीच्या वेळी जीव आधी, यात वाद नाही. पण तेव्हाही एकीने सुई लावायची आणि दुसरीने त्याच वेळी घरच्यांशी बोलायचं. तातडी संपल्यावर केलेला खुलासा कुणाच्या गळी उतरत नाही.

मॅडलिन लायनिंगर या अमेरिकन परिचारिका आणि मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी घरच्या चालीरीतींसाठी तीन मार्ग सांगितले: जपा, जुळवून घ्या, बदला. विद्यार्थिनी हे परीक्षेसाठी पाठ करतात आणि वॉर्डात पाऊल ठेवताच विसरतात. खरं तर रोजच्या कामाला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

जपण्यासारखं पुष्कळ असतं. कपाळावरची तीट, सप्तशृंगीचा अंगारा, उशाशी ठेवलेला कडुलिंबाचा पाला, नवजात बाळाच्या कानात वडिलांनी दिलेली अजान. यातल्या कशानेच उपचार अडत नाहीत. अजानला एखादं मिनिट लागतं. हात धुऊन, गाऊन घालून वडिलांना आत घेतलं की झालं. पाचवीची पूजा घरी होईल आणि बाळ इथे असेल, तर सटवाईला दाखवलेलं कुंकू किंवा दोरा स्वच्छ पिशवीत घालून पाळण्याच्या कडेला ठेवू द्या.

जुळवून घेण्याच्या गोष्टी म्हणजे कॅन्युलाच्या (सलाईनसाठी शिरेत ठेवलेल्या नळीच्या) जागी आलेला मनगटातला काळा दोरा. तो कापू नका, आईकडूनच सोडवून पायात बांधून घ्या. अंगाला सूज असलेल्या मुलाचा करगोटा रोज बघा. रुतत असेल तर सैल करायला सांगा. खूपदा 'कापा' म्हटल्यावर नकार येतो आणि 'सैल करा' म्हटल्यावर लगेच होकार येतो.

बदलायच्या गोष्टी मोजक्या ठेवा, पण त्यावर ठाम राहा. डाग देणं, डोळ्यात काजळ, नाकात तेल, वर्षाच्या आतल्या बाळाला मध आणि जुलाबात खाणंपिणं तोडणं. इथे नुसतं 'चालत नाही' म्हणू नका, कारण सांगा. काजळात शिसं असू शकतं. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. मधात काही वेळा असे जिवाणू असतात, की ज्यांच्यामुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. काजळाच्या जागी तीट सुचवली, की आजी सहसा खूश असते. तिला दृष्ट लागण्याची भीती असते, डोळे काळे करण्याची हौस नसते. दहा गोष्टींना नाही म्हणणाऱ्या सिस्टरचं अकरावं 'नाही' कुणी ऐकत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

गोवराचं उदाहरण मुद्दाम देते. बऱ्याच घरांत गोवर म्हणजे देवीचं येणं. घरात फोडणी दिली जात नाही, मूल पातळ, अळणी खाण्यावर राहतं. देवी खरी की खोटी या वादात पडलात, तर मूल घरीच राहील. 'देवीचं तुम्ही करा, आम्ही डोळे आणि छाती सांभाळतो' इतकं म्हणा आणि 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी पोटात जातील हे बघा. फोडणी नको असेल तर वरणभातावर तूप घालायला हरकत नसते. त्याने मुलाच्या पोटात ताकद जाते.

मान हलली म्हणजे समजलं, हा समज

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची आई डॉक्टरसमोर 'हा' म्हणते, मान डोलावते आणि नजर जमिनीकडे ठेवते. ती आदब असते. तिला कळलं असेलच असं नाही. घरी ती कोकणी किंवा वारली बोलते. बागलाण-मालेगावकडच्या घरात अहिराणी असते, मोमिनपुऱ्यात उर्दू. आपली पुस्तकी मराठी तिला निम्मीच पोचते. सोबतच्या दहा वर्षांच्या भावाला दुभाषा करू नका. धाकट्या बहिणीच्या आजाराची बातमी त्याच्या तोंडून आईला जाणं बरं नाही. वॉर्डातल्या मावशी, गावची आशाताई किंवा त्याच भागातली एखादी स्टाफ सिस्टर पाहा. पण खासगी गोष्ट असेल, तर मावशींना मध्ये घेण्याआधी आईला विचारा.

आणि 'कळलं ना?' हा प्रश्नच बंद करा. त्याला 'हो'शिवाय उत्तर नसतं. 'घरी गेल्यावर सासूबाईंना कसं सांगाल, मला सांगून दाखवा' असं म्हणा. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, हे सांगून भागत नाही. घरात लिटरचं माप कुठलं आहे? पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली हातात घेऊन दाखवा. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायची, हेही तिच्याकडून वदवून घ्या. नाहीतर तिसऱ्या दिवशीच ती बंद होते.

तापाच्या औषधात तर जास्तच जपा. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये साधारण १ मिलीत १०० मिग्रॅ औषध असतं, तर नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिग्रॅ. नाव एकच, पण ताकदीत चौपट फरक. सिरपचा डोस ड्रॉप्सच्या बाटलीतून गेला तर काय होईल, हे सांगायला नको. घरात दोन्ही बाटल्या आहेत का, हे विचारल्याशिवाय डिस्चार्ज कार्ड हातात देऊ नका. ही चूक शिकलेल्या घरांतही होते.

'डामा'ची सही घेऊन मोकळं होणं

बाप म्हणतो घेऊन जातो, आपण म्हणतो 'डामा'वर, म्हणजे डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या कागदावर, सही करा. कागद पूर्ण, जबाबदारी संपली. डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध मूल घरी नेणाऱ्या माणसाला आपण बेफिकीर ठरवतो, पण कारण क्वचितच बेफिकिरीचं असतं. ऑक्टोबर छाटणीला आणि जानेवारी ते एप्रिलच्या तोडणीला पेठ-सुरगाण्याची कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. इथे मूल खाटेवर आणि तिकडे मुकादमाचे फोन. शिवाय झोपडीत आणखी दोन लेकरं, कोंबड्या, शेळी.

म्हणून सहीचा कागद पुढे करण्याआधी विचारा: 'घरी जायची घाई कशाची आहे?' उत्तर आलं की निम्मे प्रश्न सुटण्याजोगे असतात. आईने थांबावं आणि बापाने कामावर जावं, असं चालेल का? कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात असेल, तर आईला बुडीत मजुरी मिळते, हे त्यांना कुणी सांगितलंय का? सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला घरी सोडायला मोफत गाडी मिळते, हे माहीत आहे का? समाजसेवा अधीक्षकांना बोलवा. ते याचसाठी असतात.

दुसरी गोष्ट निर्णय कोण घेतं ही. खाटेशी आई असते, म्हणून आपण सगळं तिला समजावतो, आणि संध्याकाळी आजोबा येऊन एका वाक्यात ते मोडतात. दाखल करतानाच विचारून ठेवा: 'मोठा निर्णय घ्यायचा तर कुणाशी बोलू?' पण त्याचा अर्थ आईला वगळायचं असा नाही. आजोबांशी बोलतानाही ती शेजारी हवी, कारण रात्री जागणार तीच आहे.

बाकीच्या, लहान वाटणाऱ्या

सुई लावताना आईला बाहेर काढू नका. थांबायचंय का, ते तिला विचारा. तान्ह्या बाळाला अंगावर पाजत असताना टोचलं, तर ते कमी रडतं. मोठ्या मुलाला आईच्या मांडीवर बसवा, हात धरायचं काम मात्र स्टाफने करावं. दुखवणाऱ्यांत आई नको. 'रडलास तर सिस्टर सुई मारेल' ही धमकी घरचे देतात तेव्हा थांबवा, आणि स्वतः तर देऊच नका.

नातेवाइकांना 'गर्दी' समजण्याची सवय जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९५९च्या प्लॅट अहवालाने मुलांजवळ आईला राहू द्या असं सांगितलं, आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये नवजात कक्षात पालकांनाच काळजी घ्यायला शिकवण्याच्या सूचना काढल्या. तरी नातेवाइकांना बाहेर थांबवणारी दारावरची पाटी तीच. कांगारू पद्धतीने बाळाला छातीशी धरायला बाप चालतो, आजीही चालते. पडदा ओढण्याआधी ब्रदरने (पुरुष परिचारकाने) आवाज द्यावा, म्हणजे बुरख्यातली आई अवघडत नाही.

आहाराच्या कागदावर सफरचंद आणि प्रोटीन पावडर लिहून देणं बंद करा. डोंगरातल्या घरात नागली, वरई, उडीद, शेंगदाणे असतात. नागलीची पेज घट्ट करून त्यात शेंगदाण्याचं कूट कसं घालायचं ते सांगा. जैन घरात कांदा-लसूण-बटाटा चालत नाही. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, म्हणून काही घरं ती नाकारतात. तसं असेल तर डॉक्टरांकडून सिरप मागून घ्या.

आणि तालुका किंवा आडनाव बघून अंदाज बांधू नका. पेठची आई भगताकडे न जाता थेट आलेली असू शकते, आणि कॉलेज रोडवरच्या घरातून येणाऱ्या बाळाच्या डोळ्यात महागातलं ऑर्गॅनिक काजळ असू शकतं. मला तर दुसरं प्रकरण जास्त अवघड वाटतं. तिथे आजीऐवजी मोबाइलशी वाद घालावा लागतो.

पुन्हा दाखवायची तारीख ठरवताना कॅलेंडरबरोबर त्यांच्या गावचा आठवडे बाजार विचारा. त्या दिवशी जीप मिळते, बाप मोकळा असतो. सोमवार सांगून ते येत नसतील, तर बाजाराचा वार लिहून पाहा.