कर्जाची फेड: रक्कम लहान असली तरी मुद्दलावर पडली पाहिजे

कर्ज फेडायचे ठरवल्यावर पहिल्या दिवशी घाईने कुठेही पैसे भरू नयेत. आधी एक वही घ्यावी आणि कोणाचे किती देणे आहे, हे घरातल्या कमावत्या माणसांनी एकत्र बसून लिहून काढावे. प्रत्येक देण्यापुढे आज शिल्लक असलेले मुद्दल, व्याजाचा दर, दरमहाचा हप्ता आणि तो भरण्याची तारीख असावी. बँकेचे कर्ज आणि क्रेडिट कार्ड सगळ्यांनाच आठवते. वाण्याकडची उधारी, नातेवाइकाकडून घेतलेले हातउसने, मोबाइलचा हप्ता आणि भिशी आधीच उचलली असेल तर तिचे उरलेले हप्ते मात्र यादीतून हमखास सुटतात. एखादे जुने कर्ज विसरल्याची शंका असेल तर पतमाहिती अहवाल, म्हणजे आपल्या नावावरील कर्जांची आणि त्यांच्या फेडीची नोंद, मागवावा. असा अहवाल देणाऱ्या देशात चार कंपन्या आहेत आणि त्या प्रत्येकीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

व्याजाचा दर लिहिताना तो फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर आहे, हे पाहणे आवश्यक आहे. तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट दराने घेतलेले कर्ज घटत्या शिलकीच्या हिशेबाने सुमारे १८ टक्क्यांना पडते, कारण मुद्दल दरमहा कमी होत असले तरी व्याज मात्र शेवटपर्यंत मूळ रकमेवरच आकारलेले असते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरावर क्रेडिट कार्डाचे ४०,००० रुपये, वाण्याचे ४,००० रुपये, मोबाइलचे १,५०० रुपयांचे चार हप्ते आणि बहिणीकडून घेतलेले १५,००० रुपये एवढे देणे आहे. घरखर्च आणि मोबाइलचा हप्ता वजा जाता महिन्याला ५,००० रुपये उरतात. ही शिल्लक तुटपुंजी वाटते, आणि ती तशी वाटते म्हणूनच अनेक जण कार्डाच्या बिलावर छापलेली किमान देय रक्कम भरून महिना पुढे ढकलतात. माझ्या मते कर्जबाजारी घराचे सर्वांत मोठे नुकसान याच सवयीने होते, म्हणून तिचा हिशेब नीट मांडतो.

कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरले, तर ४०,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज १,४०० रुपये होते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५२ रुपये लागतात. किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये असेल, तर त्यातले १,६५२ रुपये व्याज आणि करातच जातात आणि मुद्दल केवळ ३४८ रुपयांनी घटते. दरमहा न चुकता २,००० रुपये भरत राहिले आणि कार्डावर नवी खरेदी एकदाही केली नाही, तरी हे देणे फिटायला ४४ महिने लागतात आणि एकूण ८६,००० रुपयांहून अधिक भरावे लागतात. थकबाकी घटेल तशी किमान रक्कमही घटत जाते. तेवढीच भरत राहिल्यास फेड याहूनही लांबते. याउलट दरमहा ३,५०० रुपये भरले, तर तेच देणे १६ महिन्यांत फिटते आणि एकूण भरणा सुमारे ५५,००० रुपयांचा होतो. महिन्याला जास्तीचे भरलेले १,५०० रुपये पूर्णपणे मुद्दलावर पडतात, म्हणून एवढा फरक पडतो.

या हिशेबाची एक अट आहे: फेड चालू असेपर्यंत कार्ड अजिबात वापरायचे नाही. मागील थकबाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. कार्ड कपाटात ठेवणे पुरेसे नसते. ऑनलाइन दुकानांत आणि ॲपमध्ये साठवलेला त्याचा क्रमांकही काढून टाकावा. व्याज दिवसागणिक मोजले जात असल्याने शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. पगार जमा होईल त्याच दिवशी ठरलेली रक्कम भरून मोकळे व्हावे.

उदाहरणातल्या घराने ५,००० रुपयांपैकी ३,५०० कार्डाला, १,००० वाण्याला द्यावेत आणि ५०० रुपये वेगळ्या बचत खात्यात ठेवावेत. कर्ज असताना बचत कशाला, असे कोणी विचारील. परंतु मूल आजारी पडले किंवा गॅस सिलिंडर मध्येच संपला, की हाताशी थोडी रक्कम नसल्यास तेच कार्ड पुन्हा बाहेर निघते. वाण्याच्या उधारीवर व्याज नसते, तरीही मी ती आधी फेडायला सांगतो, कारण रोज ज्याच्या दुकानात जावे लागते त्याच्याशी व्यवहार स्वच्छ राहिला तर अडचणीच्या दिवशी घरात धान्य येते. चार महिन्यांनी वाण्याचे देणे आणि मोबाइलचे हप्ते एकाच वेळी संपतात आणि दरमहा २,५०० रुपये सुटतात. योजना फसण्याची शक्यता याच टप्प्यावर सर्वाधिक असते, कारण सुटलेला हप्ता खर्चात कधी मिसळतो ते कळतही नाही. म्हणून पाचव्या महिन्यापासून कार्डाला ६,००० रुपये द्यावेत. असे केल्यास कार्ड सोळाव्याऐवजी अकराव्या महिन्यात फिटते आणि एकूण भरणा सुमारे ५१,००० रुपयांवर थांबतो.

बहिणीला मात्र पहिल्याच महिन्यात स्वतः जाऊन सांगावे की, ताई, तुझे पैसे बाराव्या महिन्यापासून तीन हप्त्यांत परत करतो. हातउसन्या पैशांत तारीख सांगितलेली असली, की नात्यातले अवघडलेपण बरेच कमी होते.

काही घरांना याहून जवळचा मार्ग असतो. नोकरदारांच्या सहकारी पतसंस्थेचे सभासदत्व असेल आणि तेथे वार्षिक १२ टक्क्यांनी कर्ज मिळत असेल, तर ते घेऊन कार्डाची थकबाकी एकरकमी भरावी. वरील उदाहरणात एवढ्या बदलाने ११,००० रुपयांच्या आसपास जाणारे व्याज सव्वादोन हजारांवर येते आणि फेड नवव्या महिन्यात पूर्ण होते. आपल्यासाठी सही करणाऱ्या जामीनदाराला हे कर्ज कशासाठी आहे ते स्पष्ट सांगावे. बँकेत सात टक्क्यांची मुदत ठेव ठेवून कार्डावर वर्षाला ४२ टक्के भरणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी महिनाभराच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवून उरलेली ठेव मोडावी. वैयक्तिक कर्ज मुदतीआधी फेडण्यापूर्वी मंजुरीपत्र वाचावे, कारण स्थिर दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क असू शकते. अंशतः फेड करताना बँकेकडून हप्ता कमी न करता मुदत कमी करून घ्यावी.

हप्ता भरणे शक्यच नाही असे दिसू लागले, तर तो चुकण्याआधी बँकेला लेखी कळवून मुदत वाढवून मागावी. तडजोडीची कमी रक्कम भरून खाते बंद करण्याचा मार्ग शेवटचा समजावा. पतमाहिती अहवालात त्याची ‘सेटल्ड’ अशी नोंद होते आणि पुढील कर्ज मिळणे अवघड होते. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिवीगाळ झाली किंवा नातेवाइकांना फोन गेले, तर तारीख आणि वेळ लिहून ठेवून बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा मिळालेले उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

खासगी सावकाराचे देणे असेल, तर ते यादीत सर्वांत वर घ्यावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही आणि परवानाधारकालाही शासनाने ठरवलेल्या कमाल दरापलीकडे व्याज घेता येत नाही. बिगरशेतकऱ्यासाठी तो दर तारणी कर्जाला १५ टक्के आणि विनातारण कर्जाला १८ टक्के ठरवण्यात आला. महिन्याला पाच किंवा दहा टक्के मागणाऱ्याविरुद्ध सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाच्या किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कार्यालयात तक्रार करता येते. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी. ती मिळत नसेल तर पैसे रोख न देता बँक खात्यातून द्यावेत, म्हणजे नोंद राहते.

कार्डाचा शेवटचा हप्ता भरल्यानंतर आणखी एक महिना थांबावे. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचे व्याज पुढच्या बिलात येते आणि ती शे-दोनशेची रक्कम लक्षात आली नाही, तर तिच्यावर विलंब शुल्क चढते. ते बिल भरून शिल्लक शून्य झाली, की बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा, दोन महिन्यांनी पतमाहिती अहवालात खाते योग्य रीतीने नोंदले गेले आहे का ते तपासावे आणि तो दाखला वहीच्या त्याच पानाला जोडून ठेवावा.